तुम्ही विचारलंत म्हणून: सरकारी वकील आमच्याशी बोलत का नाही?

प्रश्न साधारण याच शब्दांत येतो. इंदूरच्या रामबागेतल्या कुणाच्या मुलाला मारहाण झालेली असते, सुदामानगरात कुणाचं घर फुटलेलं असतं, महूला कुणाच्या बहिणीचा हुंड्याच्या छळाचा खटला चालू असतो. तीन-चार पेशा, म्हणजे कोर्टाच्या तारखा, झाल्या की विचारणा होते: "सरकारी वकील आमच्याच बाजूचा ना? मग दोन मिनिटं बोलत का नाही? दर पेशीला वेगळाच माणूस कसा? आपला वकील लावावा का?"

आधी एक गैरसमज काढू. तो तुमचा वकील नाही, शासनाचा आहे. तुम्ही फरियादी, म्हणजे त्याच्या यादीतले बहुधा पहिले साक्षीदार. पण साक्षीदाराशी साक्षीच्या आधी बोलणं हे त्याचं कामच आहे, आणि तेवढंही होत नाही. याला माज म्हणा हवं तर, काही ठिकाणी तोही असतो. बहुतेक ठिकाणी मात्र त्याच्याकडे वेळ नसतो.

मध्य प्रदेशात सरकारी वकिलांच्या दोन जाती आहेत. मजिस्ट्रेट कोर्टात उभे राहतात ते एडीपीओ, म्हणजे सहायक जिला लोक अभियोजन अधिकारी. ते लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन आलेले पगारी अधिकारी असून भोपाळच्या लोक अभियोजन संचालनालयाखाली, म्हणजे गृह खात्यात येतात. सेशन कोर्टात मुख्यतः जीपी (सरकारी वकील) आणि एजीपी (अतिरिक्त सरकारी वकील) असतात. किमान सात वर्षं वकिली केलेल्यांमधून कलेक्टर सेशन जजशी विचारविनिमय करून पॅनेल बनवतो आणि विधी खातं त्यातून नेमणूक करतं. हे मुदतीचे लोक. सरकार बदललं की पॅनेल बदलतं, मुदत संपून नवा आदेश निघाला नाही की शेजारच्या कोर्टातल्या एजीपीकडे ‘चार्ज’ जातो. चार्ज म्हणजे त्याच माणसाकडे आणखी एक कपाट फायली.

टंचाईचं मूळही इथेच सापडतं. नवं कोर्ट सुरू करायचं तर न्यायाधीशाची फाईल हायकोर्ट आणि विधी खात्यातून फिरते, एडीपीओच्या पदाची गृह आणि वित्त खात्यातून. दोन्ही फायली एकाच दिवशी पूर्ण होण्याचं काही कारणच नाही. त्यामुळे कोर्ट उघडतं, जज येतात, बोर्ड (दिवसाच्या प्रकरणांची यादी) लागतो आणि सरकारी वकील जुन्याच संख्येतून काढून द्यावा लागतो. भरतीचं तर विचारूच नका. ओबीसी आरक्षणाच्या वादामुळे एमपीपीएससीचे, म्हणजे याच लोकसेवा आयोगाचे, निकाल ८७ आणि १३ टक्के अशा दोन तुकड्यांत लागायला लागले, हे घरात उमेदवार असलेल्या प्रत्येक इंदूरकराला ठाऊक आहे. त्यातून निवड झालेल्यांपैकी काही जण सिव्हिल जजची परीक्षा पास होऊन निघून जातात. त्यांना दोष कसा द्यायचा?

आता हिशोब करा. समजा बोर्डावर पन्नास प्रकरणं आहेत आणि कोर्ट प्रत्यक्ष बसतं साडेपाच तास. प्रकरणामागे साडेसहा मिनिटं. त्यातच जामीन, रिमांड, नवीन चालान (दोषारोपपत्र). एडीपीओकडे दोन कोर्टं असतील तर ही साडेसहाची सव्वातीन होतात. एखाद्या दिवशी देपालपूरचा किंवा सांवेरचा सहकारी रजेवर असेल आणि तिकडे जायला सांगितलं, तर इकडचे साक्षीदार परत जातात. रिकामी खुर्ची तुम्हाला फारशी दिसणार नाही, कुणी ना कुणी उभा असतोच. हरवतो तो साक्षीच्या आधीचा अर्धा तास. फाईल कोर्टातच पहिल्यांदा उघडली जाते.

याने नेमकं काय बिघडतं ते एका उदाहरणात पाहा. साक्षीदाराने थान्यात, म्हणजे पोलीस ठाण्यात, सांगितलं होतं की मी रॉड मारताना पाहिलं. कोर्टात म्हणतो, "मैं मौके पर था ही नहीं." सरकारी वकील कोर्टाची परवानगी घेऊन त्याला पक्षद्रोही (फितूर) ठरवतो आणि उलटतपासणीसारखे प्रश्न विचारतो. पण एवढ्यावर भागत नाही. पोलिसांपुढच्या कथनातलं ते नेमकं वाक्य त्याला वाचून दाखवावं लागतं, त्याच्या सुरुवातीला आणि शेवटी ‘ए’ लिहून ‘ए से ए’ अशी खूण करावी लागते, आणि "असं कथन दिलं नाही" हा त्याचा नकार लिहून घ्यावा लागतो. ही पहिली पायरी. दुसरी येते कित्येक महिन्यांनी, तपास अधिकारी साक्षीला येतो तेव्हा. ‘ए से ए’ भाग साक्षीदाराने सांगितल्याप्रमाणेच लिहिला होता का, हे त्याला विचारून घ्यावं लागतं. ते विचारलं नाही तर विसंगती सिद्धच होत नाही. आता विचार करा, या दोन तारखांच्या मधे सरकारी वकील दोनदा बदललेला आहे. नव्याच्या हातात फाईल आली साडेअकराला, तपास अधिकारी उभा राहिला बाराला. तो विचारतो, "प्रकरणाची डायरी तुम्हीच लिहिली? या सह्या तुमच्याच?" आणि बसतो. निकालात ‘विसंगती सिद्ध झाली नाही’ अशी एक ओळ येते, आणि घरचे म्हणतात, सरकारी वकील फुटला. फुटला नव्हता. पान उलटायला वेळ नव्हता. (विसंगती सिद्ध झाली तरी त्याने साक्षीदाराची विश्वासार्हता कमी होते एवढंच. पोलिसांपुढचं कथन हा घटनेचा पुरावा ठरत नाही. हेही घरच्यांना कुणी सांगत नाही.)

दुसरी गळती याच्या आधीच झालेली असते, चालान सादर होताना. आरोपी अटकेत असेल तर गुन्ह्याप्रमाणे ६० किंवा ९० दिवसांत चालान लावावं लागतं, नाहीतर त्याला जामिनाचा हक्क मिळतो. थान्यातून नस्ती (प्रकरणाची फाईल) तपासणीला येते ती शेवटच्या दोन दिवसांत. तेव्हा अभियोजन अधिकाऱ्याने पाहायचं असतं: जप्तीपत्रावर पंचांच्या सह्या आणि वेळ आहे का, मालखान्याच्या (जप्त माल ठेवायच्या खोलीच्या) रजिस्टरचा नंबर आणि एफएसएलला (न्यायवैद्यक प्रयोगशाळेला) पाठवलेल्या पाकिटावरच्या सीलचा नमुना जुळतो का, एमएलसीची (जखमांच्या डॉक्टरी अहवालाची) मूळ प्रत लावली आहे का, सीसीटीव्हीच्या पेन ड्राइव्हसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र आहे का. या प्रमाणपत्राचे आता दोन भाग आहेत. पहिला भाग यंत्र ज्याच्या ताब्यात होतं त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाईल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा, लिहायची. दुकानदाराची सही घेतली आणि तज्ज्ञाचा भाग कोरा राहिला, हे सर्रास घडतं. वेळ असेल तर नस्ती शेरा मारून परत पाठवता येते. ८९व्या दिवशी कोण परत पाठवणार? पुढे सुधारता येईल म्हणून चालान लागतं, आणि पुढे ते कुणाच्या लक्षात राहत नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेने, म्हणजे नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेने, ही तपासणी आणखी पक्की केली आहे, कागदावर. दहा वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या प्रकरणांवर संचालकाने लक्ष ठेवायचं, सात ते दहामधली उपसंचालकाने पोलिसांच्या अहवालापासून पाहायची, सातच्या खालची सहायक संचालकाने. कल्पना चांगली आहे. पण या खुर्च्यांवर बसणारे लोक त्याच संवर्गातून यायचे आहेत. तिकडे एक वर गेला की इकडे मजिस्ट्रेट कोर्टात एक कमी. आणि त्याच संहितेने पुढची तारीख देण्यावर दोन वेळांची मर्यादा घातली आहे. मर्यादा स्वागतार्ह, फक्त सरकारी वकीलच दुसऱ्या कोर्टात अडकलेला असेल तर तिचा तडाखा फिर्यादी पक्षालाच बसतो.

पैशाचं रडगाणं त्याहून साधं आहे. स्टेनो नाही, म्हणून लेखी युक्तिवाद स्वतः टाइप करायचा. प्रिंटरचं टोनर संपलं की बाहेरच्या दुकानात जायचं. सीसीटीव्हीची चित्रफीत पुरावा म्हणून लावली तर तिची प्रत आरोपीला द्यावी लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं. अपवाद आहेत, पण नियम हाच. पाच आरोपी असतील तर पाच पेन ड्राइव्ह आले. ते थान्याने आणायचे की कोर्टाने की अभियोजनाने? या फुटकळ खर्चापायी तारखा जातात. आणि याच प्रदेशात २०१८ मध्ये सरकारी वकिलांना फाशीच्या शिक्षेला १००० गुण देणारी बक्षीस योजना निघाली होती. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये त्याची दखल घेतली. टोनर द्यायचं सोडून गुण द्यायचे, हा विचार ज्याच्या डोक्यात आला त्याने एक दिवस एम.जी. रोडच्या जिल्हा कोर्टात बसून पाहायला हवं होतं.

आता तुमच्या हातात काय आहे ते. खाजगी वकील लावता येतो, पण त्याने खटला ‘लढता’ येत नाही. सेशन खटला सरकारी वकीलच चालवतो. तुमच्या वकिलाने त्याच्या सूचनेनुसार मदत करायची आणि पुरावा संपल्यावर कोर्टाच्या परवानगीने लेखी युक्तिवाद द्यायचा. रेखा मुरारका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हेच सांगितलं: पीडिताच्या वकिलाला तोंडी युक्तिवादाचा किंवा उलटतपासणीचा हक्क नाही. तरीही मी म्हणेन, परवडत असेल तर लावा, आणि लवकर लावा. कारण नव्या संहितेप्रमाणे पीडिताच्या बाजूने वकील असेल तर आरोपीप्रमाणेच त्यालाही चालानची प्रत मोफत मिळते. ती प्रत म्हणजे तुमचा हरवलेला अर्धा तास. तो वकील बसून वाचेल, कोरा भाग शोधेल आणि एका कागदावर लिहून सरकारी वकिलाला देईल: साक्षीदार क्रमांक चारचं ‘ए से ए’ बाकी आहे, तपास अधिकाऱ्याला विचारायचंय. असा कागद कुणी नाकारत नाही. पंधरा पानी निवेदन मात्र कुणी वाचत नाही.

वकील नसेल तर एवढं करा. पेशीच्या दिवशी कोर्ट बसायच्या आधी, साडेदहाला पोचा. सरकारी वकिलाला प्रकरण क्रमांक सांगा आणि तुमचं पोलीस कथन वाचायला मागा. वाचणं गैर नाही, काय बोलायचं ते पढवणं गैर. साक्षीदाराचं घर किंवा मोबाइल नंबर बदलला असेल तर थान्याला आणि कोर्ट मुंशीला (कोर्टातल्या पोलीस कारकुनाला) लेखी द्या, नाहीतर समन्स ‘अदम तामील’, म्हणजे न बजावता, परत येतं. आलेल्या साक्षीदाराला परत पाठवलं तर तो हजर होता हे ऑर्डरशीटवर लिहून घ्या आणि त्याचा भत्ता मागा. एखाद्या प्रकरणात एडीपीओ उपलब्धच नसेल तर कलेक्टर राज्य शासनाला चौदा दिवसांची सूचना देऊन त्या प्रकरणापुरता दुसरा कुणी नेमू शकतो. इंदूरमध्ये डिसेंबर २०२१ पासून पोलीस आयुक्त आहेत म्हणून लोक तिकडे अर्ज करतात. हा अर्ज कलेक्टरकडे करायचा असतो.

आणि आरोपी सुटला तर सरकारच्या अपिलाची वाट पाहत बसू नका. ती फाईल सरकारी वकिलाच्या अभिप्रायापासून भोपाळपर्यंत फिरते, मुदत नव्वद दिवसांची. तुम्हाला स्वतःचं अपील आहे, निर्दोष सुटकेविरुद्ध, हलक्या कलमाखाली दोषी ठरवल्याविरुद्ध किंवा अपुऱ्या भरपाईविरुद्ध. त्यासाठी वेगळी परवानगी लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मल्लिकार्जुन कोडगली प्रकरणात ठरवलंय. शिक्षा कमी झाली एवढ्याच कारणावर मात्र हे अपील चालत नाही. निकालाच्या प्रमाणित नकलेचा अर्ज त्याच दिवशी नकल शाखेत द्या, कारण नकल तयार होण्यात गेलेले दिवस मुदतीतून वजा होतात, पण अर्ज दिल्यापासूनचेच.