रशियाचं तेल आणि जपानचा सल्ला

"तुम्ही लोक रशियाचं तेल घेता ना?" जेवणाच्या सुट्टीत एका जपानी सहकाऱ्याने अगदी सौम्यपणे विचारलं. इथे जपानमध्ये कुणी आवाज चढवत नाही, म्हणून ते जास्तच लागलं.

युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर डिसेंबर 2022 मध्ये जी-7 या श्रीमंत देशांच्या गटाने रशियन तेलाला बॅरलमागे 60 डॉलरची मर्यादा घातली. हेतू स्पष्ट होता: तेल बाजारात येत राहावं, रशियाचा पैसा घटावा. म्हणजे आपण घेत होतो ते चोरून नव्हे. आणि जपान? रशियाच्या सखालिन बेटावरच्या सखालिन-2 या तेल-गॅस प्रकल्पातल्या तेलाला त्या मर्यादेतून खास जपानसाठी सूट मिळाली, कारण तिथला गॅस यांना हवा आहे. मित्सुई, मित्सुबिशी या जपानी कंपन्यांनी तिथली भागीदारीही सोडली नाही. त्यांची ती ऊर्जासुरक्षा, आणि आपला तो दोष!

1973 तर विसरूच नये. अरब-इस्रायल युद्धात अरब देशांनी तेल आखडलं आणि ओसाकाच्या सेनरी न्यू टाउनमध्ये टॉयलेट पेपरसाठी झुंबड उडाली. अमेरिकेचं सैन्य इथे, संरक्षणाची भिस्त तिच्यावर. तरी 22 नोव्हेंबरला जपान सरकारने जाहीर केलं की इस्रायलने 1967 मध्ये बळकावलेला प्रदेश सोडावा. पुढच्या महिन्यात उपपंतप्रधान मिकी ताकेओ अरब देशांत फिरून आले आणि 25 डिसेंबरला जपान त्यांच्या लेखी मित्रदेश झाला. मी याला नावं ठेवत नाही. ज्याच्या घरात तेलाचा थेंब नाही त्याने हेच करावं. 2020 मध्येही इराणच्या आखाताच्या तोंडाशी असलेल्या होर्मुझ सामुद्रधुनीतल्या अमेरिकेच्या नौदल आघाडीत न शिरता यांनी आपली युद्धनौका वेगळी पाठवली, कारण इराणशी वैर नको होतं.

आपण मात्र 2019 मध्ये अमेरिकेच्या निर्बंधांमुळे इराणचं तेल बंद केलं. त्या तेलाचे रुपये आपल्याच बँकेत जमा व्हायचे, त्यातून इराण आपला चहा-तांदूळ घ्यायचा; तो ओघही आटला. एवढं ऐकूनही ऑगस्ट 2025 मध्ये रशियन तेलापायी आपल्यावर 25 टक्के जादा आयातशुल्क बसलंच, आणि आपल्याहून मोठा गिऱ्हाईक असलेल्या चीनला त्यासाठी काही नाही.

आमच्या रावेर-सावद्याकडे हे सगळं दिल्लीचं राजकारण वाटतं. पण केळीचे कंटेनर न्हावाशेवाहून दुबई, इराक, इराणला जातात ते होर्मुझमधूनच, आणि आखाती तेलाची जहाजं येतात तीही तिथूनच. तिथे ठिणगी पडली की व्यापारी कापणी थांबवतो, बागेत घड पिकायला लागतात. त्याच वेळी डिझेलही महागतं आणि ठिबकच्या नळ्याही, कारण नळीचं प्लास्टिक तेलातूनच येतं. मार दोन्हीकडून बसतो.

एका गोष्टीपुढे मात्र मान तुकवतो. 1973 चा चटका बसल्यावर जपानने 1975 मध्ये तेलसाठ्याचा कायदा केला आणि पुढे सरकारी व कंपन्यांचा मिळून दोनशेहून जास्त दिवसांचा साठा उभा केला. आपले विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादूर इथले सरकारी साठे मिळून 53.3 लाख टनांचे, जेमतेम साडेनऊ दिवसांचे. कंपन्यांकडचं तेल धरलं तर बरं दिसतं, तरी जपानच्या जवळपासही नाही. चांदीखोल आणि पादूरच्या वाढीव टाक्यांना 2021 मध्ये मंजुरी मिळाली. त्या भरेपर्यंत तेल कुणाकडून घ्यावं, हे मला सखालिनचा गॅस जाळणाऱ्यांनी शिकवू नये.