कर्ली वाचत नाही, सिव्हिरिटी क्रिटिकल

गुरुवारी सकाळचा बिल्ड, म्हणजे आमच्या मोबाइल गेमची ताजी प्रत, एकाही फोनवर उघडेना. डेव्हलपर मंडळी म्हणाली, सोमवारपर्यंत काही खरं नाही. माझ्या हाताखाली तेव्हा दोन नवे टेस्टर होते. एक इचलकरंजीची मुलगी, एक पुण्यातलाच मुलगा, दोघांचाही पहिलाच महिना. गेम टेस्टर म्हटलं की घरच्यांना वाटतं खेळायचे पैसे मिळतात. प्रत्यक्षात एकच दार चारशे वेळा उघडून बंद केल्याचे मिळतात. या दोघांनी एखादा अख्खा गेम शेवटाच्या ओढीने खेळावा, असं माझ्या बरेच दिवस मनात होतं.

मी त्यांना 'केव्ह स्टोरी' दिला. डिसेंबर 2004 मध्ये जपानच्या दाइसुके अमायाने तो फुकट वाटला. फावल्या वेळात पाच वर्षं एकटा बसून त्याने हा गेम केला. चित्रं त्याची, गोष्ट त्याची, प्रोग्रॅमिंग त्याचं, संगीतही त्याचंच, आणि ते संगीत रचायचं सॉफ्टवेअरसुद्धा त्यानेच लिहिलेलं. इंग्रजी भाषांतर चाहत्यांनी केलं. पुढे याच्या विकत घ्यायच्या आवृत्त्या निघाल्या, पण मूळ गेम आजही फुकटच आहे. 320 बाय 240 चा एवढासा पडदा, त्यामुळे आमच्या ऑफिसातल्या सगळ्यात रडक्या कॉम्प्युटरवरही तो पळाला.

"सोमवारी मला दोन याद्या हव्यात. काय जमलंय आणि काय फसलंय."

सोमवारी साडेनऊला मी आलो तर आमच्या ट्रॅकरमध्ये, म्हणजे चुका नोंदवायच्या यादीत, टिकेट पडलेलं. आमच्या गेमचं नव्हे, या गेमचं. शीर्षक: कर्ली वाचत नाही. सिव्हिरिटी, म्हणजे चूक किती गंभीर: क्रिटिकल. खाली चूक पुन्हा घडवून बघायच्या बारा पायऱ्या, अगदी शिकवल्याबरहुकूम. अपेक्षित निकाल: कर्ली जगते. प्रत्यक्ष निकाल: कर्ली मरते. चार वेळा करून पाहिलं, चारही वेळा तेच.

न खेळलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. आपण क्वोट नावाचा यंत्रमानव असतो, आठवण गेलेला. तरंगत्या बेटाच्या पोटातल्या गुहांमध्ये सशासारखे मिमिगा राहतात आणि एक डॉक्टर त्यांना लाल फुलं खायला घालून पिसाळवतो. कर्ली ब्रेस ही आपल्यासारखीच यंत्रमानव. एका मोठ्या लढाईनंतर खोलीत पाणी भरतं, तेव्हा ती स्वतःची हवेची टाकी आपल्याला लावते. आपण जागे होतो तर ती शेजारी पडलेली.

"दादा, मी सगळं नीट केलं होतं," मुलगी म्हणाली. "प्रत्येकाशी बोलले. एकही माणूस सोडला नाही."

"मेली?" मुलाने खुर्ची वळवली. "माझ्याकडे तर आहे. दोराने पाठीला बांधून आणली मी."

"कसला दोर?"

मग मला ते सांगावं लागलं. त्या लढाईच्या आधी, भुलभुलैयात, प्राध्यापक बूस्टर वरून एका खड्ड्यात पडतो. त्याच्याजवळ जाऊन बोललात तर तो हवेत उडवणारं यंत्र तुमच्या हाती देतो आणि प्राण सोडतो. न बोलता, जेमतेम पोचते अशी उडी मारून पलीकडे गेलात, तर तो जगतो आणि पुढे त्याच यंत्राची सुधारलेली आवृत्ती देतो. आणि तरच तो दोर मिळतो. या मुलाने ती उडी मारली कारण त्याला प्रत्येक कडेवरून उडी मारून बघायची खोड आहे. दहाव्या प्रयत्नात जमली, मग परत यायचा कंटाळा केला. दोर मिळाला कारण तो जमिनीवरच्या प्रत्येक ठिपक्यापाशी खालचा बाण दाबतो.

मुलगी काही वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे मी त्या माणसाची विचारपूस केली म्हणून ती मेली?"

मी हा गेम कॉलेजात असताना पहिल्यांदा खेळलो, तेव्हा माझीही कर्ली मेली होती. मला वाटलं गोष्टच तशी आहे, हळहळलो आणि पुढे गेलो. मला ते टिकेट लिहावंसं कधी वाटलं नाही, याची त्या सकाळी थोडी लाजच वाटली.

एव्हाना आमचा डिझायनर कॉफी घेऊन येऊन उभा राहिला होता. त्याला हा गेम देव्हाऱ्यात ठेवावासा वाटतो. तो म्हणाला, हीच तर ताकद आहे, गेम तुला हाताला धरून नेत नाही. पुढचं त्याने सांगितलं ते मलाही पटतं. शत्रू मेला की पिवळे त्रिकोण उडतात, ते वेचले की हातातलं शस्त्र वरच्या पातळीला जातं, आणि आपल्याला मार बसला की खाली येतं. त्यामुळे दूर उभं राहून गोळ्या झाडणं परवडत नाही, त्रिकोणांसाठी अंगावर धावून जावं लागतं. मशीनगन तिसऱ्या पातळीला नेली की खाली गोळ्या झाडत चक्क वर उडता येतं. नेमेसिस नावाच्या शस्त्राचा तर उलटा कारभार: जितकी पातळी वर तितकं दुबळं, शेवटी त्यातून रबरी बदकं बाहेर पडतात. हा विनोद एखाद्या मोठ्या कंपनीच्या मीटिंगमधून जिवंत बाहेर आला नसता.

"पण सर," मुलगी म्हणाली, "मार बसला की शस्त्र लुळं. म्हणजे जो आधीच हरतोय त्याला आणखी हरवायचं. आणि मेलं की मागच्या फ्लॉपीपासून, म्हणजे शेवटचं सेव्ह केलं तिथून सुरू, लढाईआधीचे तेच संवाद पुन्हा. शेवटच्या तीन लढाया ओळीने, मध्ये सेव्ह नाही. हे कुणी टेस्ट केलं होतं?"

डिझायनर माझ्याकडे बघायला लागला. हा प्रश्न नुसता त्या गेमपुरता नव्हता. मार बसला की शस्त्र कमजोर, ही कल्पना त्याने आमच्या चालू गेममध्ये आणली होती आणि मी महिनाभर 'आवडत नाही' एवढंच मोघम म्हणत होतो. आमचाही गेम फुकटच. फरक एवढाच की आमच्यात मेलं की तीस सेकंदांची जाहिरात लागते. हरणाऱ्याला आणखी हरवायचं आणि वर साबण दाखवायचा! अमायाच्या गेममध्ये मरणं फुकट आहे, म्हणून तिथे ती शिक्षा चालून जाते. हे तिने बोलेपर्यंत मला मांडता आलं नव्हतं. डिझायनर लगेच मान्य करणारा नाही, पण त्याने वहीत काहीतरी लिहिलं.

मग मुलगा म्हणाला, "माझी कर्ली अजून शुद्धीवर नाही. एका झोपडीत ठेवलीय, तिथेच सेव्ह केलंय. पुढे काय करायचं कळेना."

अर्धं ऑफिस त्याच्या स्क्रीनभोवती. कीबोर्ड होता मुलाच्या हातात, पण हुकूम सगळे सोडत होते. मुलगी एवढंच म्हणाली, "कपाटातली पुस्तकं वाच." त्याने अर्थातच वाचली नव्हती. त्यात एके ठिकाणी यंत्रमानवाच्या अंगातलं पाणी काढायची रीत निघाली. न वाचता तो दाराबाहेर पडला असता तर त्याचीही कर्ली गेलीच असती. पाणी निघालं तेव्हा अकाउंट्सच्या काकूंनीही टाळ्या वाजवल्या, आणि त्यांना कर्ली कोण हे माहीत नव्हतं.

दुपारी बिल्ड आला आणि आम्ही पुन्हा दारं उघडून बंद करायला लागलो. संध्याकाळी मी ते टिकेट उघडलं. नियमाप्रमाणे 'ॲज डिझाइन्ड' लिहून बंद करायला हवं होतं, कारण त्यात चुकून झालेलं काहीच नव्हतं. शेवटी ते माझ्याच नावावर टाकलं आणि उघडं ठेवलं.

पुढच्या सोमवारी मुलगी डोळे लाल करून आली. गेम पहिल्यापासून खेळून संपवला होता, चांगला शेवट मिळवला होता.

"कर्ली जगली?"

"जगली. पण दादा, त्या खड्ड्यावरून उडी मारताना मी खाली बघितलंच नाही."