निळी चकती, लाल चकती

परवा दुपारी मिस्त्रीकाकांनी गीझरखाली स्टूल ठेवलं, मान वर करून क्षणभर पाहिलं आणि विचारलं, ‘ताई, हा कोणी बसवला?’

प्रत्येक कारागीर आधीच्या कारागिराबद्दल हेच विचारतो आणि आपण उगाच ओशाळतो, जसं काही पाना आपल्याच हातात होता. मी म्हटलं, ‘होता एक जण.’ काकांनी नुसतं ‘च्च’ केलं.

गीझरच्या बुडाशी दोन तोंडं असतात. निळ्या चकतीच्या तोंडातून थंड पाणी आत जातं, लाल चकतीच्या तोंडातून गरम बाहेर येतं. लाल तोंडाला आतून एक लांब नळी असते, ती पार टाकीच्या माथ्यापर्यंत पोचते, कारण गरम पाणी वर जाऊन बसतं. आमच्याकडे पाइपांची अदलाबदल झाली होती. थंड पाणी त्या लांब नळीतून चढून थेट गरम पाण्याच्या डोक्यावर पडायचं आणि नळाला यायचं ते तळाचं. चार वर्षं!

चार वर्षांत तक्रार अशी कोणी केलीच नाही. घरानं त्या चुकीला सामावून घेतलं. पहिला नंबर सोशिक माणसाचा. बटण तासभर आधी. पाहुणे आंघोळीला गेले की मी दाराबाहेरून ओरडायची, ‘नळ बारीक सोडा हं, मोठा सोडलात तर गार येईल!’ आमच्या ह्यांचं म्हणणं, गीझर लहरी आहे, त्याच्या कलानं घ्यावं लागतं. २५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला दोन किलोवॅटच्या कॉइलला साधारण ३५ मिनिटं पुरतात, हे मी परवा कागदावर मांडून पाहिलं. शाळेतली विशिष्ट उष्म्याची गणितं जन्मात पहिल्यांदा कामाला आली, तीही चार वर्षं उशिरा.

आजीला हे गणित न मांडता येत होतं. तिचा तांब्याचा बंब होता, मधोमध जाळाची नळी, भोवती पाणी. बाजूच्या नरसाळ्यात तांब्याभर थंड पाणी ओतलं की ते तळाशी जायचं आणि वरच्या तोटीतून तेवढंच कढत पाणी बाहेर पडायचं. ओतल्याशिवाय थेंब मिळायचा नाही. मी तोटीखाली तपेली धरून बसायची आणि आजी म्हणायची, ‘आधी घाल, मग माग.’ धुरानं डोळे चुरचुरायचे, बंबाची कड पोटरीला लागली की फोड यायचा, पण कोमट पाणी? छे. त्या बंबाला निळी-लाल चकती नव्हती, तरी कुठून घालायचं आणि कुठून घ्यायचं यात तिचं कधी चुकलं नाही.

काका पाइप सोडवत होते. जुनी टेफ्लॉन टेप आट्यांच्या उलट दिशेनं गुंडाळलेली निघाली. फिटिंग आवळताना ती घट्ट बसण्याऐवजी सुटत आली होती. काकांनी ती बोटावर लोंबती धरून मला दाखवली, बिळातून साप काढावा तशी. आधीच्या मिस्त्रीची मनातल्या मनात मी पुरती खरडपट्टी काढली. बरं वाटलं.

‘आणि हे?’ काका म्हणाले.

सेफ्टी व्हॉल्व्हची ती बारीक नळी. तापलं की पाणी फुगतं. आमच्या टाकीएवढ्या पाण्याचं दर खेपेला पावणेचारशे मिलीच्या आसपास जास्तीचं होतं. त्याला परत मागे जायला वाट नसते, म्हणून ते या नळीतून थेंब थेंब बाहेर पडतं. नळीच्या तोंडाशी एम-सीलचा राखाडी गोळा होता, दगडासारखा घट्ट, आणि त्यावर अंगठ्याचा ठसा. रेघ न् रेघ दिसत होती.

मला टपटप सहन होत नाही. दुपारी जरा डोळा लागावा तर ते थेंब मेंदूत पडतात. बसवल्यानंतरच्या पहिल्याच आठवड्यात मी स्टुलावर चढले होते. नंतर बेसिनचा गरम पाण्याचा नळ गळायला लागला, मी दोनदा वॉशर बदलून घेतला आणि वॉशरच्या दर्जावर बोलले. आतलं पाणी वाट शोधत होतं, हे डोक्यातच आलं नाही.

गीझर हे नाव आइसलँडच्या गेसिर नावाच्या उसळत्या गरम झऱ्यावरून आलंय. १८६८ साली लंडनमध्ये बेंजामिन मॉन यांनी गॅसवर पाणी तापवणारं यंत्र काढून त्याला हे नाव दिलं. त्या यंत्राला धूर बाहेर जायला वाटच ठेवलेली नव्हती.

‘थर्मोस्टॅट चिकटला असता ना ताई...’ काकांनी वाक्य तिथंच सोडलं आणि छिन्नीनं गोळा टोकरला. ‘कुणी केलं हे?’

‘होता एक जण,’ मी म्हटलं.

त्या भिंतीला पलीकडून लागून माझ्या मुलीचा पलंग आहे.