टेस्ट बेडवरचं ल माँ

चिंचवडला डिझेल इंजिनांच्या टेस्ट बेडवर, म्हणजे इंजिन गाडीबाहेर चालवून तपासायच्या जागी, माझी सगळी नोकरी झाली. त्यामुळे 1966 च्या ल माँचा, म्हणजे फ्रान्समधल्या चोवीस तासांच्या मोटार शर्यतीचा, विषय निघाला की लोक फोर्ड-फेरारीच्या वैरावर बोलतात आणि मी फोर्डच्या गावच्या, डिअरबॉर्नच्या डायनोवर (इंजिनावर भार टाकून त्याची ताकद मोजणारं यंत्र). घरचे कंटाळलेत, म्हणून इथे लिहितो.

फोर्डचं ते 427 घन इंचांचं, म्हणजे जवळजवळ सात लिटरचं व्ही-8. बिडाचा ब्लॉक, व्हॉल्व्ह उघडायला जुन्या पद्धतीचे पुशरॉड (दांडे), सिलिंडरला दोनच व्हॉल्व्ह. याच घराण्यातली इंजिनं गॅलेक्सीसारख्या घरगुती गाड्यांत बसत, ट्रकांतही बसत. समोर फेरारीचं चार लिटरचं व्ही-12. असल्या धुडातून ताकद काढणं सोपं, त्याला चोवीस तास जगवणं कठीण. म्हणून फोर्डच्या शर्यतीच्या गाडीत, जीटी40 मार्क 2 मध्ये, ते सुमारे 485 अश्वशक्तीवरच थांबवलं. नॅस्कार या अमेरिकी शर्यतींसाठी हेच इंजिन याहून जास्त देत होतं. हाव आवरली, हे मला फार आवडतं.

पुढचं काम तेलाचं. जुन्या ब्लॉकमध्ये तेल आधी कॅमशाफ्टकडे जायचं. 427 च्या ‘साइड ऑइलर’ ब्लॉकमध्ये मुख्य गॅलरी (तेलाची वाट) खाली, बाजूला आणली आणि क्रँकशाफ्टच्या मेन बेअरिंगना पहिला मान दिला. वळणात आणि ब्रेकमध्ये तेल एका बाजूला पळून पंप हवा ओढू नये म्हणून ड्राय संप, म्हणजे तेल इंजिनाच्या तळाशी न साठवता वेगळ्या टाकीत. वजनासाठी हेड ॲल्युमिनियमची. आता बीड आणि ॲल्युमिनियम सारखे प्रसरण पावत नाहीत, आणि मध्ये सापडतं ते हेड गॅस्केट, ब्लॉक आणि हेडमधला सांधा बंद ठेवणारा पातळ थर.

लोकांना वाटतं, ल माँच्या मार्गावरच्या म्युल्सान या सहा किलोमीटरच्या सरळ रस्त्यावर इंजिन मरतं. तिथे त्याला त्रास असतोच, पण एकसारखा. घात होतो तो रस्ता संपताना. ताशी 300 च्या वर असताना पाय काढला की लाल झालेल्या इंजिनात एकदम गार हवा शिरते, वळण संपलं की पुन्हा भट्टी. हे प्रत्येक फेरीत, आणि जिंकलेल्या गाडीच्या फेऱ्या 360.

नुसतं फुल थ्रॉटलवर तासन्‌तास चालवून हे कळत नाही. आमच्याकडेही गरम-गार सायकल लावली की भलेभले गॅस्केट बोलायला लागत. फोर्डच्या लोकांनी ल माँच्या फेरीतले आरपीएम, थ्रॉटल, गिअर बदल यांची नोंद घेतली आणि डायनोकडून तीच फेरी आपोआप पुन्हापुन्हा चालवून घेतली. साठच्या दशकात! इंजिन फुटायचं ते बंद खोलीत फुटू दे.

शर्यतीत मार्क 2 आठ उतरल्या, तीनच पोचल्या. पण पहिली, दुसरी, तिसरी त्याच. फेरारीची एकही पी3, म्हणजे त्या व्ही-12 ची गाडी, शेवटपर्यंत टिकली नाही. आघाडीवर राहिलेली डॅन गर्नीची मार्क 2 मात्र रेडिएटरमुळे बाद झाली. रेडिएटर आमच्या बेडवर तर कधी नसायचा, म्हणून त्याची परीक्षाच होत नसे. इंजिन गार करायला पाणी कूलिंग टॉवरचं.