एलपीचा ट्रे उघडला होता
जेआर वनला, म्हणजे रेसिडेन्सीच्या पहिल्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. पिडियाट्रिक वॉर्डात इमर्जन्सी ड्युटी, सकाळपासून ऍडमिशनवर ऍडमिशन, जेवणाचा पत्ता नाही. त्यात संध्याकाळी 9 वर्षांचा एक पोरगा आला. चार दिवस ताप, दोन आठवडे डोकं दुखतंय, सकाळी उठला की उलटी. गावात पित्ताच्या गोळ्या देऊन झालेल्या. मी मान वाकवून बघितली तर कडक, झालं, माझ्या डोक्यात मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणाचं इन्फेक्शन, पक्का. आईची सही घेतली, एलपीचा, म्हणजे तपासणीसाठी पाठीतून पाणी काढायचा, ट्रे उघडला, ग्लोव्हज घातले. फंडस, म्हणजे डोळ्याचा मागचा पडदा, बघितला नव्हता, घाईत राहून गेलं, खोटं कशाला बोलू.

पोराला कुशीवर धरायला मावशी आल्या आणि नाकाला पदर लावून म्हणाल्या, "मॅडम, ह्याचा कान वाहतोय बघा, केवढा वास मारतोय." डाव्या कानात कापसाचा बोळा, मागे घाण पू. आजी म्हणाली, तो तर तीन वर्षं वाहतोय, लसूण घालून तेल कडवून सोडतो आम्ही, वाहिलेला बरा, डोक्यातली उष्णता निघून जाते.

तेवढ्यात रजिस्ट्रार सर आले. त्यांनी पोराला उठवून बसवलं आणि स्वतःचं नाक आणि माझं बोट आलटून पालटून शिवायला सांगितलं. उजवा हात बरोबर, डावा प्रत्येक वेळी बोटाच्या बाजूनेच जायचा. उभं केलं तर डावीकडे कलायला लागला. डोळ्यात बघितलं तर डिस्क, म्हणजे डोळ्याच्या नसेचं टोक, सुजलेली, म्हणजे डोक्यात प्रेशर वाढलेलं. सर एवढंच म्हणाले, ट्रे बंद कर.

कॉन्ट्रास्ट सीटीत डाव्या सेरेबेलममध्ये, म्हणजे लहान मेंदूत, कडेने चमकणारी रिंग. आपल्याकडे रिंग दिसली की आधी टीबीची गाठ नाहीतर टेपवर्म आठवतो, पण कान असा सडलेला म्हटल्यावर हा पूच. कानामागचं हाड कुरतडत इन्फेक्शन मेंदूपर्यंत गेलेलं. अशात मी पाठीतून पाणी काढलं असतं तर खालचं प्रेशर कमी होऊन लहान मेंदू कवटीच्या भोकात सरकला असता आणि श्वास तिथेच थांबला असता, हे मला रात्री उशिरा हातपाय धुताना नीट कळलं आणि मग झोप कुठली.

न्यूरोसर्जननी त्याच रात्री कवटीला भोक पाडून पू ओढला. नंतर ईएनटीवाल्यांनी मॅस्टॉइड, म्हणजे तेच कानामागचं हाड, साफ केलं, आत कोलेस्टिएटोमा निघाला, म्हणजे कानात वाढून हाड खाणारी कातडीची गाठ. सेफ्ट्रायॅक्सोन, मेट्रोनिडाझोल ही अँटिबायोटिक्स सगळं मिळून सहा आठवडे शिरेतून. शेवटी शेवटी शीर सापडेना, आणि बापाला ऊसतोडीच्या मुकादमाचे फोन, उचल घेतलीय, कोयत्यावर कधी येतोस. त्याला रोज थांबवून धरणं हे माझं अर्धं काम होतं, औषधं सिस्टरच द्यायच्या.

डिस्चार्जच्या दिवशी पोरगा सरळ रेषेत चालला. मी आजीला बजावलं, कानात आता थेंबभरही तेल नाही, पाणी नाही. आजीने मान डोलावली आणि दारातून मागे वळून विचारलं, "लसूण नको, पण नुसतं कोमट खोबरेल चालेल ना?"