पित्त, पोटातले आणि अंगावरचे

भूलतज्ज्ञाचे निम्मे काम शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी रुग्णाशी बोलतानाच होत असते, असे मी निवासी डॉक्टरांना नेहमी सांगत आले आहे. आणि ज्या दिवसाबद्दल लिहिते आहे, त्या दिवशी नेमके तेच काम माझ्या हातून अपुरे राहिले होते.

त्या बाई गुडघ्याचा सांधा बदलण्यासाठी दाखल झाल्या होत्या. वय 52. फाइलच्या पहिल्याच पानावर लाल शाईने ‘पेनिसिलिनची ॲलर्जी’ असे ठळक लिहिलेले होते. आत, निवासी डॉक्टरच्या निळ्या अक्षरांत, तीन छोट्या नोंदी होत्या : सौम्य दमा, नाकात वाढलेल्या मासासाठी दोनदा शस्त्रक्रिया, दुखण्याच्या गोळ्यांनी पित्त होते. शेवटच्या नोंदीपुढे त्याने आम्लपित्तावरचे पॅन्टोप्राझोल लिहून ठेवले होते. मी ते वाचले, बाईंना दोन-चार प्रश्न विचारले आणि सही केली. माझे सगळे लक्ष लाल अक्षरांकडे होते.

शस्त्रक्रियेत जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून आधी एक प्रतिजैविक देतात; त्या अक्षरांपायी आम्ही त्यासाठीचे नेहमीचे सेफॅझोलिन टाळून व्हँकोमायसिन निवडले. खरे तर सेफॅझोलिनची रासायनिक बाजूसाखळी पेनिसिलिनांपेक्षा वेगळी असते आणि पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्या बहुतेकांना ते सुरक्षितपणे देता येते; पण लाल शाई पाहिली की हात आखडतो. व्हँकोमायसिन तासभर सावकाश सोडावे लागते, म्हणून ते शस्त्रक्रियेच्या बरेच आधी लावले होते. पाठीच्या कण्यात इंजेक्शन देऊन स्पायनल भूल दिली आणि शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडली. बाई रिकव्हरीत आल्यावर, भुलीचा अंमल उतरण्यापूर्वीच वेदनाशामक सुरू व्हावे म्हणून, डायक्लोफेनॅक 75 मिलिग्रॅम सलाइनमधून लावले गेले. तो आदेश माझाच होता.

सुमारे 40 मिनिटांनी सिस्टरांनी मला हाक मारली. बाईंचे नाक एकाएकी पाण्यासारखे वाहू लागले होते, डोळे लालबुंद झाले होते, गळ्यावर आणि दंडांवर गांधी उठल्या होत्या. छाती आवळून आल्याचे त्या तुटक शब्दांत सांगत होत्या. स्टेथोस्कोप लावला तर दोन्ही बाजूंना शिट्टी वाजत होती, आणि ऑक्सिजनची पातळी 88 टक्क्यांवर आली होती. उरलेले सलाइन बंद केले, ऑक्सिजन वाढवला, शस्त्रक्रिया न झालेल्या पायाच्या मांडीत, बाहेरच्या बाजूने, ॲड्रिनलिन 0.5 मिलिग्रॅम दिले आणि सालब्युटामॉलचे नेब्युलायझर लावले. मांडी अजून बधिर असल्यामुळे सुई टोचलेली त्यांना कळलीही नाही. पाचेक मिनिटांनी ॲड्रिनलिनचा दुसरा डोस द्यावा लागला, आणि त्यानंतर मात्र श्वास हळूहळू मोकळा होत गेला.

शस्त्रक्रिया करणाऱ्या सहकाऱ्यांनी आल्याआल्या व्हँकोमायसिनवर बोट ठेवले, आणि त्यांचा संशय अगदीच निराधार नव्हता. ते औषध घाईने सोडले तर चेहरा आणि मान लाल होते, खाज सुटते. पण ती सहसा ॲलर्जी नसते, कारण ॲलर्जीची रसायने साठवून ठेवणाऱ्या मास्ट पेशींना औषध थेट चेतवते आणि वेग कमी केला की त्रास थांबतो. शिवाय व्हँकोमायसिन संपून तीन तास उलटले होते. त्याच वेळी निळ्या शाईतल्या त्या तीन ओळी मला आठवल्या. दमा, नाकातले वाढलेले मास आणि वेदनाशामकाचा त्रास हे त्रिकूट फ्रेंच डॉक्टर विदाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲस्पिरिनच्या संदर्भात 1922 साली वर्णन करून ठेवलेले आहे. मी स्वतः ते विद्यार्थ्यांना शिकवते. तिन्ही गोष्टी एकाच पानावर, एकाखाली एक लिहिलेल्या होत्या आणि त्याखाली माझी सही होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याजवळ खुर्ची ओढून बसले.

“दुखण्याच्या गोळीने पित्त होतं म्हणजे नेमकं काय होतं?”

“पित्त उठतं ना, डॉक्टर. सगळ्या अंगावर. ओठही सुजतो. मागच्या वेळी दमही लागला होता, पण तो धुळीने असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही.”

“हे आम्हाला सांगितलं नाहीत?”

“सांगितलं की! त्या डॉक्टरांनी लिहूनसुद्धा घेतलं.”

त्यांचे काही चुकले नव्हते. आपल्या भाषेत छातीत जळजळते तेही पित्त आणि अंगावर गांधी उठतात तेही पित्तच. बाईंनी दुसरे सांगितले, आमच्या तरुण डॉक्टरने पहिले ऐकले, आणि मी दोहोंपैकी कोणते हे विचारलेच नाही.

मग पेनिसिलिनचे काय, असे मी विचारले. सातव्या वर्षी घसा दुखत असताना पेनिसिलिनच्याच गटातल्या अमॉक्सिसिलिनचे पातळ औषध दिले होते, त्याने दोन दिवस जुलाब आणि उलट्या झाल्या, आणि ‘हिला हे चालत नाही’ असे आईने तेव्हापासून प्रत्येक डॉक्टरला सांगितले. अंगावर काही उठले नव्हते, सूज नव्हती, दम लागला नव्हता. ‘चालत नाही’ या शब्दांचे वाटेत कधी तरी ‘ॲलर्जी’ झाले आणि पुढे त्याला लाल शाई मिळाली. अशी शाई घेऊन वावरणारे लोक थोडेथोडके नाहीत. पेनिसिलिनची ॲलर्जी असल्याचे सांगणाऱ्यांची रीतसर चाचणी केली तर 10 पैकी 9 हून अधिक जणांना ते औषध विनासायास घेता येते.

एवढ्यावर थांबून, ॲलर्जी म्हटली ती नुसती न मानवणारी गोष्ट निघाली आणि न मानवणारी म्हटली ती ॲलर्जी निघाली, असे मी लिहिले असते तर गोष्ट नेटकी झाली असती. वस्तुस्थिती तशी नाही, कारण डायक्लोफेनॅकची ती प्रतिक्रियाही काटेकोर अर्थाने ॲलर्जी नव्हती. नेहमीच्या तात्काळ ॲलर्जीत शरीराने एका विशिष्ट पदार्थाविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडे तयार केलेली असतात. ती मास्ट पेशींवर बसून असतात आणि तोच पदार्थ पुन्हा आला की खाज-सूज आणणारे हिस्टामिन बाहेर पडते. येथे तशी प्रतिपिंडे नसतात. ही वेदनाशामके कॉक्स-1 हे विकर (एन्झाइम) रोखतात, त्यामुळे प्रोस्टाग्लँडिन गटातले एक उपयुक्त रसायन कमी होते, श्वासनलिका आवळणाऱ्या ल्युकोट्रिन या रसायनांवरचा लगाम सुटतो, आणि अशा रुग्णांत आधीच सुजलेल्या श्वासनलिका आवळतात. म्हणून यात त्वचेवरची चाचणी उपयोगी पडत नाही; आणि म्हणूनच एक गोळी सोसली नाही तर रचनेने तिच्याशी काहीही नाते नसलेली, पण कॉक्स-1 रोखणारी दुसरीही सोसत नाही. इन्टॉलरन्स, म्हणजे न मानवणे, हे किरकोळ आणि ॲलर्जी म्हणजे गंभीर, ही जी समजूत आपण रुग्णांनाही देत असतो, ती त्या संध्याकाळी 88 टक्क्यांवर आली होती. फरक यंत्रणेत असतो. धोका किती, हे प्रत्यक्षात काय घडले यावरून कळते.

“म्हणजे माझी दुधाची ॲलर्जीही खोटी का?” त्यांनी विचारले. पेलाभर दूध प्याले की पोट फुगते, गुडगुडते, जुलाब होतात. दही मात्र निवांत पचते. ही लॅक्टोज या दुधातल्या साखरेची गोष्ट होती. ती साखर फोडणारे लॅक्टेज विकर मोठेपणी जगातील सुमारे दोन तृतीयांश लोकांत कमी होते, न फुटलेली साखर मोठ्या आतड्यातील जीवाणू आंबवतात आणि वायू होतो. थोडे दूध चालते, जास्त चालत नाही. दुधातील प्रथिनांची खरी ॲलर्जी असती तर अशा प्रमाणाच्या भरवशावर राहता आले नसते, आणि दह्यानेही सुटका झाली नसती.

दमा आटोक्यात आल्यावर, सहा आठवड्यांनी, त्यांना देखरेखीखाली अमॉक्सिसिलिन दिले. काही झाले नाही. त्या दोन तास मासिक चाळत बसल्या आणि कंटाळून घरी गेल्या. फाइलवरची लाल ओळ खोडून तिच्या जागी वेदनाशामकांची नावे लिहिली, आणि तशीच यादी त्यांच्या पर्समध्येही ठेवायला दिली.

पुढच्या वर्षी दुसऱ्या गुडघ्यासाठी त्या पुन्हा आल्या. या वेळी सेफॅझोलिन दिले. वेदनेसाठी मांडीतला मज्जातंतू बधिर करणारा ब्लॉक आणि बेताच्या मात्रेत पॅरासिटामॉल. आदल्या संध्याकाळी फॉर्म भरणारा निवासी डॉक्टर नवा होता. तो गोळ्यांच्या रकान्यापाशी पोहोचून मान वर करणार, तोच त्या म्हणाल्या, “पित्त. अंगावरचं. पोटातलं नाही. तसंच लिहा.”