डॉक्टर की इंजिनिअर? तुम्ही विचारलंत म्हणून

जून-जुलै म्हणजे आम्हा सीए लोकांचा रिटर्न भरायचा हंगाम. नेमका याच सुमाराला मेडिकलच्या नीटचा आणि इंजिनिअरिंगच्या सीईटीचा निकाल लागलेला असतो आणि शैक्षणिक कर्जासाठी बँकेने तीन वर्षांचे रिटर्न मागितलेले असतात. कागद न्यायला आलेले आईवडील मग खुर्ची पुढे ओढून विचारतातच, "मॅडम, तुम्ही डॉक्टरांचंही बघता, इंजिनिअरांचंही बघता. खरं सांगा, पैसा कशात आहे?"

सांगलीत प्रॅक्टिस केली की या दोन्ही पेशांचे आकडे टेबलावर येतातच. विश्रामबागेत १९४७ साली सुरू झालेलं वालचंद कॉलेज, तर पलीकडे मिरजेत १८९४ पासूनचं वानलेस हॉस्पिटल आणि १९६२ पासूनचं सरकारी मेडिकल कॉलेज. इथल्या कितीतरी घरांत एक भाऊ पुण्यात आयटीत आणि दुसरा मिरजेत एमडी, अशी विभागणी दिसते. क्लायंटची ओळख पटेल असं काही मी सांगणार नाही, पण वर्षानुवर्षं वह्या बघून जे मत झालं ते सांगते.

जन्मभराची बेरीज केली तर जम बसलेला स्पेशालिस्ट डॉक्टर बहुतेक इंजिनिअरांच्या पुढे जातो. पण ती बेरीज साठीला होते, आणि घर पंचविशीत, तिशीत, चाळिशीत चालवायचं असतं. डॉक्टरचा पैसा उशिरा येतो आणि टिकतो. इंजिनिअरचा लवकर येतो आणि चाळिशीनंतर त्याची खात्री कमी होते. आपलं घर यातली कुठली ओढाताण सोसू शकतं, ते आधी बघा.

एमबीबीएस म्हणजे साडेचार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. इंटर्नचं विद्यावेतन आपल्याकडे बराच काळ महिना ६ हजार रुपये होतं, मग काही वर्षं ११ हजार होतं. पुढे सरकारी सीट असेल तर बाँडचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं वर्ष. नुसत्या एमबीबीएसवर भागत नाही म्हणून नीट-पीजीची तयारी, त्यात एखाददुसरं वर्ष जातंच. मग एमडी किंवा एमएसची तीन वर्षं. तोवर मूल तिशीला टेकलेलं असतं. सुपरस्पेशालिटी करायची तर आणखी तीन वर्षं. याच काळात बारावीतला बाकावरचा मित्र इंजिनिअर होऊन बाविसाव्या वर्षी नोकरीला लागून आठ वर्षं पगार घेतोय. त्याने म्युच्युअल फंडात दरमहा १० हजारांची एसआयपी केली आणि सरासरी १० टक्के परतावा मिळाला, तर दहा वर्षांत साडेवीस लाखांच्या आसपास रक्कम उभी राहते. डॉक्टर तेव्हा कुठे पेशंट तपासायला पहिली भाड्याची खोली शोधत असतो.

तिशीतल्या डॉक्टरची मिळकत म्हणजे नेमकं काय, ते बघायचं तर माझ्या एका भूलतज्ज्ञ क्लायंटचा २६एएस डोळ्यांसमोर आणा. पैसे देतानाच कुणी किती कर (टीडीएस) कापला त्याचा हा तक्ता. इंजिनिअरच्या तक्त्यात एकच नाव असतं, कंपनीचं, आणि बारा महिन्यांच्या साधारण सारख्या ओळी. या भूलतज्ज्ञाच्या तक्त्यात हॉस्पिटलांची रांगच्या रांग आहे. प्रत्येकाने दहा टक्के कापलेले, रक्कम लहान, काही ठिकाणी वर्षभरात चारच नोंदी. तारखा वाचत गेलं तरी माणसाची धावपळ कळते: सकाळी हर्निया, दुपारी सिझेरियन, रात्री अपघाताची केस, दर वेळी वेगळं गाव नाहीतर वेगळी गल्ली. वरून ज्यांनी टीडीएस कापला पण भरला नाही, त्यांच्या मागे लागणं आमच्याकडे. ना पीएफ, ना ग्रॅच्युइटी, ना पगारी रजा. पाठ धरली आणि पंधरा दिवस झोपून राहिलं की ते पंधरा दिवस कोरडे.

ज्यांनी स्वतःचं हॉस्पिटल काढलं त्यांच्या जमेची बाजू बघून लोकांचे डोळे दिपतात. खर्चाची बाजू कुणी बघत नाही. सिस्टर, मावशी, आरएमओ (निवासी डॉक्टर) यांचे पगार, जनरेटरचं डिझेल, ऑक्सिजन, जैविक कचरा नेणाऱ्यांचं बिल, सोनोग्राफी मशीनचा हप्ता, इमारतीचा हप्ता. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्याखाली आणली, त्यानंतर पेशंटने भरपाई मागितली तर उपयोगी पडणाऱ्या इन्डेम्निटी विम्याचा हप्ताही दर वर्षी खर्चात आलाच. सरकारी योजनेतल्या पेशंटचे पैसे कधी येतील ते सांगता येत नाही, आणि पगार मात्र एक तारखेला द्यायचेच असतात. एवढं सगळं पेलून पंचेचाळिशीनंतर जी स्थिरता येते ती मात्र भक्कम असते. डॉक्टरला कुणी कामावरून काढत नाही, आणि सत्तरीतही सकाळी दोन तास ओपीडी करणारे कितीतरी आहेत.

आता जे सांगते ते मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे. मेडिकल म्हटलं की आपण एकच रस्ता धरतो, पण पैशाच्या दृष्टीने हे दोन वेगळे रस्ते आहेत. सरकारी कॉलेजात वर्षाची फी लाख-दीड लाखाच्या घरात. अभिमत (डीम्ड) विद्यापीठात तीच २० लाखांच्या वर, म्हणजे साडेचार वर्षांत कोटीच्या आसपास. खासगी कॉलेजं या दोन्हींच्या मधे, आणि तिथलाही मॅनेजमेंट कोटा, म्हणजे संस्थेच्या हातातली सीट, घेतला की आकडा कित्येक पटींनी चढतो. १९८३ मध्ये आपल्याच जिल्ह्याचे वसंतदादा मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी मिळाली. खेड्यापाड्यांतली मुलं त्यामुळे इंजिनिअर झाली, हे मोठं काम झालं. पण विकतच्या सीटची वाटही तिथूनच रुंद झाली.

समजा ५० लाखांचं कर्ज काढलं, १० टक्के व्याजाने, दहा वर्षांसाठी. महिन्याचा हप्ता होतो सुमारे ६६ हजार. शिक्षण चालू असताना चढत गेलेलं व्याज यात धरलेलंच नाही. नुसत्या एमबीबीएसच्या पगारावर हा हप्ता फेडून घर चालत नाही. मग पुढची पीजीची सीट, तीही विकत घ्यायची का, हा प्रश्न येतो. या दडपणाखाली बसलेल्या तरुण डॉक्टरपुढे कुणी पेशंट पाठवल्याबद्दलच्या कमिशनचं पाकीट सरकवलं, तर नाही म्हणायला त्याला किती जड जात असेल, याचा विचार करा. आपणच त्याला त्या खुर्चीत बसवलेलं असतं.

ज्या डॉक्टर दाम्पत्याचं वीस खाटांचं चालू हॉस्पिटल आहे, त्यांनी मुलासाठी तीच सीट घेतली तर त्यांचा हिशेब जुळू शकतो. इमारत आहे, पेशंट आहेत, नाव आहे. कवठेमहांकाळच्या द्राक्षबागायतदाराने दोन एकर विकून तीच सीट घेतली, तर त्याच पैशात त्याच्या हाती फक्त डिग्री येते, पुढचं सगळं शून्यातून. म्हणून जमीन विकून सीट घेऊ का, असं कुणी विचारलं तर मी स्पष्ट नको म्हणते. समोरच्याला राग आला तरी चालेल.

इंजिनिअरिंगचं चित्रही एकसारखं नाही. मोठ्या आयटी कंपन्यांत सामान्य फ्रेशरचं पॅकेज दहा-पंधरा वर्षांपूर्वी वर्षाला सव्वातीन-साडेतीन लाख होतं, आणि आजही बहुतेकांना तेवढंच मिळतं. तेवढ्या काळात पुण्यात वाकडचं भाडं कुठल्या कुठे गेलं. स्वतःचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या चांगल्या प्रॉडक्ट कंपनीत गेलेल्यांचे फॉर्म १६ (पगार आणि कापलेल्या कराचे दाखले) बघितले की शेअर्ससकट आकडे थक्क करतात, पण ती मुलं थोडी. मेकॅनिकलवाला कुपवाड एमआयडीसीत किंवा किर्लोस्करवाडीला लागला तर सुरुवात बेताची होते, पण घरचं जेवण मिळतं आणि शिल्लक पुण्यातल्या मुलापेक्षा फार कमी पडत नाही. त्यानेच पुढे स्वतःच्या दोन सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या) मशीन टाकल्या, तर त्याचं जगणं डॉक्टरसारखं होतं: कर्ज, कामगार, रात्रीचे फोन, वसुली.

चाळिशीबद्दल मात्र आयटीतल्या घरांनी बोलायला हवं. माझ्याकडे एक गृहस्थ आले होते, वय चव्वेचाळीस, पुण्यात फ्लॅट, दोन मुलं, पगार उत्तम. कंपनीने अख्खी टीम बंद केली. त्यांचा प्रश्न होता की पीएफ काढला तर कर लागेल का. सलग नोकरी पाच वर्षांच्या वर असल्याने लागणार नव्हता, तसं मी सांगितलं. पण फ्लॅटच्या हप्त्याची अजून चौदा वर्षं बाकी होती, आणि नवीन ठिकाणी त्यांना तेवढा पगार द्यायला कुणी तयार नव्हतं. पगार लवकर सुरू होतो याचा खरा फायदा पहिल्या दहा वर्षांतल्या बचतीत असतो. ती दहा वर्षं गाडी, मोठा फ्लॅट आणि परदेशी सहलीत गेली तर पुढे हाती फक्त हप्ते राहतात.

राहणीमानाचं थोडक्यात सांगते. स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ असं जोडपं वर घर, खाली हॉस्पिटल करून राहतं. दोघं मिळून चार दिवस गावाबाहेर जायचं तर आधी पेशंट कुणाकडे सोपवायचे ते ठरवावं लागतं. पण मुलं शाळेतून आली की आईबाबा एक जिना खाली असतात, आणि म्हातारे आईवडीलही सोबत असतात. हिंजवडीतल्या मुलाला शनिवार-रविवार मोकळा मिळतो, पण रोजचे दोन-अडीच तास रस्त्यावर जातात, संध्याकाळी अमेरिकेचे कॉल असतात, आणि इकडे वडिलांना दवाखान्यात न्यायला शेजारी लागतात.

मुलगी असली की विचारणाऱ्या आईवडिलांचा आवाज खाली येतो. "तीस वर्षांपर्यंत शिकणार, मग लग्नाचं कसं?" मला हा प्रश्न अजिबात पटत नाही. नीटला चांगले मार्क मिळवलेल्या मुलीला लग्नाच्या वयासाठी थांबवू नका. इंजिनिअरिंगला जाणाऱ्या मुलीलाही कुणी गावाजवळच्या कॉलेजात अडकवू नये. आणि २०२४-२५ पासून एक मोठी गोष्ट झाली आहे. ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) गटातल्या, आठ लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी राज्य सरकार भरतं. प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून हवा, मॅनेजमेंट कोट्याला ही सवलत नाही. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला आणि गटाप्रमाणे नॉन-क्रीमीलेअर किंवा ईडब्ल्यूएसचं प्रमाणपत्र लागतं. ते मे महिन्यातच काढून ठेवा. निकाल लागल्यावर सेतू कार्यालयात इतकी गर्दी होते की दाखला हातात पडेपर्यंत पहिली फेरी निघून जाते.